भरल्या ट्रॉलीची पाठ



स्मृतिव्याख्यान हे गेलेल्या माणसाचे ऋण मानण्याची एक रीत आहे. ते ऋण फेडायचे तर जिवंत माणसांच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे, या हेतूने मी आजचा विषय निवडला. विषय दिसायला लहान आहे. वाहनाच्या मागे लावायची लाल चकती आणि बाजूंना चिकटवायची परावर्तक पट्टी, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, त्याविषयीचा कायदा आणि त्या कायद्याचे आपल्या जिल्ह्यातील उसाच्या रस्त्यांवर होणारे हाल, एवढाच तो आहे. पण या लहानशा पट्टीत नागरिकशास्त्राचा मोठा धडा दडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. रस्त्यावरच्या इतर बहुतेक नियमांचा लाभ तो पाळणाऱ्याला लगेच जाणवतो. ब्रेक चांगला असला तर चालकाला तो पायाखाली जाणवतो, दिवा चांगला असला तर समोरचे दिसते. आपल्या गाडीच्या पाठीवरचा रिफ्लेक्टर मात्र आपल्याला प्रवासात कधीच दिसत नाही. तो दिसतो मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला. म्हणून तो लावण्याची जबाबदारी एकट्या चालकाच्या मर्जीवर सोडून भागत नाही. ती जबाबदारी नेमकी कोणाची, आणि ती कोणत्या ठिकाणी तपासली गेली पाहिजे, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: ती साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तपासली गेली पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा आणि उसाचा संबंध कोणाला सांगायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडचे तालुके भिजले, आणि विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, अकोले अशी कारखान्यांची माळच जिल्ह्यात गुंफली गेली. या कारखान्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, शेतकऱ्याच्या हाती रोकड दिली. त्याचबरोबर त्यांनी दरवर्षी चार-पाच महिने जिल्ह्याच्या रस्त्यांवर एक संथ, अवजड आणि अखंड वाहतूक आणून सोडली. कारखाना हंगामात चोवीस तास चालतो, आणि तोडलेला ऊस ठेवला की वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात, आणि थंडीत रात्र लांब असते. याच रस्त्यांवरून दुसरी एक वाहतूक जाते. नगर-मनमाड रस्ता राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहात्यावरून शिर्डीला जातो, आणि शनिशिंगणापूरची वाटही त्याच पट्ट्यातून फुटते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही. तिथून उतरलेला चालक त्या वेगाला सरावलेल्या नजरेने आपल्या जिल्हा रस्त्यावर येतो. नोव्हेंबरात वळणापलीकडे ट्रॉली उभी असू शकते, हे गावच्या माणसाला ठाऊक असते. मुंबईहून दर्शनाला निघालेल्या कुटुंबाला ते ठाऊक नसते. रिफ्लेक्टरचा कायदा मुळात या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आता भरल्या ट्रॉलीची पाठ जरा जवळून पाहू. ऊस फाळक्याच्या वर रचलेला असतो, मोळ्यांची टोके मागे हात-दीड हात बाहेर येतात, पाचट लोंबत असते. फाळक्याच्या खालच्या कडेला लाल दिवा असलाच तर तो त्या लोंबत्या पाचटाआड जातो, आणि दोन ट्रॉल्यांमध्ये वायर ओढलेली नसली तर मागच्या ट्रॉलीचा दिवा नुसता नावाला असतो. वाळत्या उसाचा आणि पाचटाचा रंग धुळकट, रात्रीच्या रस्त्याशी मिळून जाणारा. साधा पृष्ठभाग आपल्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखरून टाकतो, म्हणून मागच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला फार थोडा पोचतो. परावर्तक पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा इवले लोलक बसवलेले असतात. ते प्रकाश जिथून आला तिकडेच परत धाडतात. चालकाचे डोळे गाडीच्या दिव्यांच्या थोडेच वर असल्याने परतणारा झोत थेट त्यालाच मिळतो. रेडियमच्या दुकानात मिळणारा चकचकीत लाल स्टिकर आणि प्रमाणित परावर्तक पट्टी दिवसा सारखेच दिसतात. रात्री एक पेटल्यासारखी उजळते आणि दुसरा विझलेलाच राहतो. जीव वाचवण्याचे काम या फरकाने होते.

हिशेब मांडला की फरक किती मोठा आहे ते कळते. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार आणि ताशी १५ किलोमीटरने चाललेली ट्रॉली यांच्यातले अंतर सेकंदाला १८ मीटरने घटत असते. डिपरवर टाकलेल्या दिव्यात काळपट वस्तू पन्नासेक मीटरवर कळते असे धरले, तर धडकेपर्यंत तीन सेकंदही उरत नाहीत. चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय नेण्यासाठी रस्ते आखणारे अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे प्रत्यक्ष ब्रेक लावायला पाव-अर्धा सेकंद राहिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ८० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर स्पष्ट वाट दिसावी लागते. तीच ट्रॉली परावर्तक पट्टीमुळे दीडशे मीटरवरून कळली, तर चालकाला आठ सेकंद मिळतात. सावध चालकाला आणि थकलेल्या चालकालाही आठ सेकंद पुरतात. समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर असेल, तेव्हा तर पन्नास मीटरचा अंदाजही उदार ठरतो.

आपला कायदा याविषयी मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ नुसार ट्रेलरसह मोटार वाहनाच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना एकेक लाल रिफ्लेक्टर हवा, आणि मोटारसायकललाही मागे किमान एक हवा. मालवाहू वाहनांसाठी परावर्तक पट्ट्यांची तरतूद आहे: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. पट्टी कशी असावी हे एआयएस-०९० या मानकात सांगितले आहे, आणि संथ व लांब वाहनांच्या मागच्या फलकांसाठी एआयएस-०८९ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत परावर्तक खुणांच्या विनियमाचा क्रमांकही योगायोगाने १०४ आहे. रंगांची विभागणी सोयीची आहे. पांढरे दिसले की वाहनाचे तोंड आपल्याकडे, लाल दिसले की पाठ, पिवळे दिसले की ते आडवे आहे. अंधारातल्या तीन ठिपक्यांतून चालकाला दिशाही वाचता येते. ‘ट्रॉली म्हणजे काय गाडी थोडीच?’ हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील व्याख्येत ट्रेलरचा समावेश मोटार वाहनातच केलेला आहे. तिची नोंदणी लागते आणि तिला रिफ्लेक्टरही लागतो.

मग अडते कुठे? माझ्या मते मुख्य अडचण अशी की, कायदा रिकाम्या ट्रॉलीकडे पाहतो आणि अपघात भरल्या ट्रॉलीला होतो. नोंदणीच्या दिवशी ट्रॉली धुतलेली, रिकामी आणि दिवसाउजेडी उभी असते. चकत्या जागच्या जागी असतात आणि नियमाचे समाधान होते. हंगामात तीच ट्रॉली फडातल्या चिखलातून निघते, दगडावर घासते, चकती फुटते, पट्टीवर मळीचा थर बसतो आणि उसाची टोके उरलेसुरले झाकून टाकतात. नियमाचा हेतू वाहन दिसावे हा होता. तपासणीत चकती आहे की नाही एवढेच पाहिले जाते. वाहन भरलेले असताना, रात्री, मागून दिसते का, हा प्रश्न विचारणारी जागाच व्यवस्थेत उरत नाही. हंगामाच्या तोंडाशी परिवहन अधिकारी, पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर बसवण्याच्या मोहिमा काढतात आणि त्या स्वागतार्ह आहेत. पण नोव्हेंबरात लावलेली पट्टी फेब्रुवारीत कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला मोहीम परत येत नाही.

ही शंका निव्वळ तर्काची नाही, तिला मोजलेला पुरावा आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून तयार होणाऱ्या अवजड ट्रेलरांवर परावर्तक पट्टी सक्तीची झाली. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा यंत्रणेने फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या पोलिसांनी तपासलेल्या १०,९५९ अपघातांचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. अंधारात ट्रेलरच्या बाजूवर किंवा पाठीवर होणाऱ्या धडका पट्टीमुळे २९ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि पथदिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर ही घट ४१ टक्के होती. आपले उसाचे रस्ते या दुसऱ्या प्रकारातले आहेत. त्याच अभ्यासात आपल्या कामाचा आणखी एक आकडा आहे. स्वच्छ पट्टीने मागून होणाऱ्या धडका ५३ टक्क्यांनी घटल्या, मळलेल्या पट्टीने केवळ २७ टक्क्यांनी. पट्टी तीच, दर्जा तोच, मधे फक्त एक ओला फडका मारण्याचे काम, आणि परिणाम निम्म्यावर आला. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. त्या वर्षीच्या अपघातांत मागून धडकण्याचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. त्या सगळ्या धडका रिफ्लेक्टरअभावी झाल्या, असा माझा दावा नाही. पण दोन वाहने एकाच दिशेने जात असताना मागच्याने पुढच्याला धडकावे, यात दिसण्याचा प्रश्न नेहमी जवळपास उभा असतो.

आता जबाबदारीकडे येऊ. उसाच्या खेपेत हात बरेच असतात. ट्रॅक्टर एकाचा, चालक दुसरा, टोळी मुकादमाची, तोडणी-वाहतुकीचा करार कारखान्याशी, कोणत्या फडात कधी जायचे ते शेतकी विभाग ठरवतो. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि शेवटी गुन्हा हातावर पोट असलेल्या चालकावर दाखल होतो. कायद्याचे शब्द मात्र इतके अरुंद नाहीत. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९० सदोष वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी चालवणाऱ्याला तर दोषी धरतेच, शिवाय ते चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरते. तो दोष माहीत असला पाहिजे, किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, असा असला पाहिजे. हे शब्द ध्यानात ठेवून वजनकाट्यावर उभे राहू. प्रत्येक खेप तिथे दोनदा थांबते, भरलेली आणि रिकामी. तिचा क्रमांक नोंदवला जातो, पावती निघते. दिसत नसलेली ट्रॉली रात्रीमागून रात्री काट्यावरून जाते आणि पुढच्या खेपेसाठी पुन्हा फडाकडे सोडली जाते. तेव्हा ‘साधारण काळजी घेतली असती तर कळले असते’ हे शब्द कारखान्यालाही लागू व्हायला हवेत, असे माझे वाचन आहे. कारखाना ही वाहतूक निर्माण करतो, तिचे वेळापत्रक ठरवतो आणि तिच्या बिलाचे पैसे देतो. रस्त्यावरच्या पोलिसाला हजार वाहनांतून एक थांबवावे लागते. काट्यावर प्रत्येक वाहन आपणहून येऊन थांबते.

व्यवस्था साधी करता येईल. काट्याच्या रांगेत मागून पन्नास पावलांवर एका माणसाने बॅटरी डोळ्यांच्या रेषेत, कानशिलापाशी धरून झोत टाकायचा. बॅटरी कमरेशी धरली तर उत्तम पट्टीही मंद भासते, कारण परतणारा प्रकाश बॅटरीकडे जातो, डोळ्यांकडे येत नाही. ट्रॉलीची उजवी आणि डावी कड दोन्ही उजळल्या, तर पावतीवर खूण. न उजळल्या, तर तिथेच फडका, आणि पट्टी फुटली असेल तर नवी पट्टी, खर्च वाहतूक बिलात. दुरुस्ती झाल्याशिवाय पुढच्या खेपेची पावती नाही. भरल्या उसाने झाकली जाणार नाही अशा जागी, म्हणजे वर रचलेल्या मालाच्या टोकाला दोरीने बांधता येईल असा लोंबता परावर्तक फलकही ठेवता येतो. महाराष्ट्रात गाळपाचा परवाना १९८४ च्या आदेशाखाली साखर आयुक्तांकडून मिळतो. या तपासणीची नोंद ही त्या परवान्याची अट झाली, तर एका कारखान्याने कडक राहायचे आणि शेजारच्याने सैल सोडून वाहने ओढून न्यायची, हा चढाओढीचा प्रश्नही सुटतो.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही गंभीर आहेत. पहिला खर्चाचा. आधीच कर्जाने घेतलेला ट्रॅक्टर, डिझेलचे भाव, त्यात हे नवे ओझे कशाला? मांडणीसाठी धरून चालू की, दोन ट्रॉल्यांना हंगामात दोन हजार रुपयांचा परावर्तक माल लागला, आणि त्या जोडीने पंधरा टनांच्या शंभर खेपा केल्या. दीड हजार टनांवर दोन हजार रुपये, म्हणजे टनामागे सव्वा-दीड रुपया. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये ठरला आहे. त्या हिशेबात सव्वा-दीड रुपया कोणालाही जड नाही. मात्र तो ट्रॅक्टरमालकाच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये, हे मला मान्य आहे. ज्या साखळीला ऊस वेळेवर हवा, तिने हा खर्च वाटून घ्यावा. उचलीचा आणि डिझेलचा हिशेब बिलात बसतो, तिथे पट्टीचाही बसेल.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला अधिक विचार करायला लावतो. वेगाने येणारी मोटार धोका घेऊन येते. संथ जाणारा कष्टकरी आपल्या बाजूने चाललेला असतो. मग दिसण्याचे ओझे त्याच्यावर का? वेगवान वाहनाने आपल्या दिव्यांच्या आवाक्यात थांबता येईल इतक्याच वेगाने जावे, हे अगदी खरे आहे, आणि वेगमर्यादेची अंमलबजावणी ढिली राहावी असे मी कुठेही म्हणत नाही. पण दोन कर्तव्यांपैकी एक दुसऱ्याला रद्द करत नाही. धडक झाली की मोटारीतली माणसे जातातच, शिवाय ट्रॉलीवर झोपलेले तोडणी मजूर, पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेली कुटुंबे, त्यांची लेकरे, यांच्या अंगाखाली लोखंड आणि ऊस असतो, कवच काहीच नसते. रस्त्यावर ज्याच्याकडे कमी संरक्षण, त्याला दिसण्याची गरज जास्त. चूक मागच्याची असली तरी मरण पुढच्याचेही असू शकते. म्हणून पट्टीचा खर्च कष्टकऱ्यावर पडू नये, पण पट्टीचे संरक्षण त्याला मिळालेच पाहिजे.

तिसरा आक्षेप वेळेचा. काट्यावर आधीच रांगा, त्यात ही तपासणी कशी? पण ट्रॉली रांगेत तासन्‌तास उभी असते, आणि झोत टाकायला अर्धे मिनिटही लागत नाही. तपासणी रांगेत उभ्या वाहनाची करायची असल्याने काट्याचा वेळ जात नाही. चौथा आक्षेप असा की, हे काम पोलीस आणि परिवहन कार्यालयाचे, कारखान्याने का करावे? त्यांचे काम उरतेच. पण एमएच-१६ आणि एमएच-१७ या दोन कार्यालयांच्या मोजक्या निरीक्षकांनी अकोल्यापासून जामखेडपर्यंत रात्रभर फिरावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. त्यांनी काट्यावरची नोंदवही तपासावी, अधूनमधून अचानक जाऊन स्वतः झोत टाकून पाहावा, आणि नोंद खोटी निघाली तर जबाबदार माणसाला कलम १९० लावावे. अशी नमुना तपासणी त्यांच्या मनुष्यबळात बसते.

शेवटचा प्रश्न बैलगाडीचा. ती यंत्राने चालत नाही, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. नियम १०४ तिला लागू होत नाही. मागून येणाऱ्या चालकाच्या दृष्टीने मात्र ती सर्वांत धोक्याची, कारण सर्वांत संथ. समोरून पाहिले तर बैलांचे डोळे दिव्यात चमकतात, निसर्गानेच त्यांच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा पडदा दिला आहे. मागून उसाचा काळा ढीग तेवढा असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली रस्त्यावरच्या वाहनांच्या दिव्यांविषयी नियम करण्याचा अधिकार आहे. तो वापरून गाडीच्या पाठीला आणि जुवाला पट्टी सक्तीची करता येईल. यात गाडीवानावर दंडाचा बडगा उगारण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात आमिश पंथाच्या लोकांनी घोडागाडीवर संथ वाहनाचा भडक नारिंगी त्रिकोण लावायला धर्मश्रद्धेपोटी नकार दिला होता. १९९० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले, कारण पांढरी परावर्तक पट्टी आणि लाल कंदील यांनी तेवढीच सुरक्षितता साधता येत होती. यातून घ्यायचे ते असे की, कायद्याने दिसण्याचा आग्रह धरावा, दिसण्याच्या रीतीचा हट्ट धरू नये. आपल्या गाडीवानांना तर श्रद्धेची अडचणही नाही. त्यांना पट्टी द्यावी, ती कारखान्याने आपल्या खर्चाने लावून द्यावी.

रिफ्लेक्टरची मर्यादाही सांगायला हवी. तो स्वतः उजळत नाही. ज्याच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा बंद आहे त्याला तो काही सांगू शकत नाही. वळणाआड बिघडून उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवर झोत फार उशिरा पडतो. म्हणून मागचा लाल दिवा, बंद पडलेल्या वाहनामागे बऱ्याच अंतरावर ठेवलेला त्रिकोण आणि रस्त्यावरून बाजूला घेण्याची शिस्त, यांची जागा पट्टी घेऊ शकत नाही. पण या सगळ्या उपायांत तिला वीज लागत नाही, इंधन लागत नाही, चालकाला दरवेळी आठवणही ठेवावी लागत नाही. फक्त ती असावी आणि पुसलेली असावी.

दरवर्षी हंगामाच्या आरंभी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीची पूजा होऊन पहिली मोळी टाकली जाते. त्या दिवशी कारखान्याचे अध्यक्ष, संचालक, सभासद, वाहतूकदार सगळे एका जागी असतात. माझी विनंती एवढीच आहे की, त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर, पहिल्या खेपेची ट्रॉली यार्डात उभी असताना, अध्यक्षांनी पन्नास पावले मागे जावे, बॅटरी डोळ्यांपाशी धरावी आणि झोत टाकून पाहावा. दोन्ही कडा उजळल्या तर हंगाम सुरू करावा. न उजळल्या, तर शिर्डीला निघालेल्या एखाद्या अनोळखी माणसाला आज रात्री काय दिसणार आहे, हे त्यांना तिथेच कळेल.